वर्षावनातील अवर्षण : ॲमेझॉनच्या कर्बसंचयाचा शोध

'वर्षावन' हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की, तो परभाषेतून उतरलेला आहे याचे स्मरण सहसा राहत नाही. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंद्रेआस शिंपर याने १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या वनस्पतिभूगोलविषयक ग्रंथात उष्ण कटिबंधातील उंच, सदाहरित, महावेलींनी गजबजलेल्या अरण्यास 'पर्जन्याचे वन' या अर्थाची संज्ञा दिली. तीच पुढे इंग्रजीने आणि इंग्रजीमार्फत भारतीय भाषांनी स्वीकारली. संज्ञा देताना शिंपरने नकळत एक गृहीतही देऊन ठेवले. पाऊस हा या वनाचा नित्यधर्म होय, तो त्याच्या नावातच आहे. तेव्हा त्याच्या अभावाचा विचार करण्याचे प्रयोजनच नाही, अशी काहीशी समजूत त्या नावाबरोबर रूढ झाली. याच्या नेमका उलट प्रवास 'जंगल' या शब्दाने केला आहे. चरकसंहितेतील 'जांगल' देश हा अल्प पाण्याचा, विरळ झाडीचा, कोरडा प्रदेश. पाणथळ अशा 'आनूप' देशाच्या तो विरुद्ध टोकाचा. तोच शब्द देशी भाषांतून इंग्रजीत गेला आणि तेथे दाट, ओलसर, दुर्गम अरण्याचा वाचक बनला. एका शब्दातील कोरडेपणा लोपला, तर दुसऱ्यात पाऊस कायमचा कोंडला गेला. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील वनाचा कर्बाचा जमाखर्च कसा चालतो, याच्या शोधाचा इतिहास म्हणजे एका अर्थाने 'वर्षावन' या शब्दाआड दडलेल्या अवर्षणाच्या शोधाचाच इतिहास होय.

या शोधाचे दोन मूळ प्रवाह एकाच वर्षी, १८०४ मध्ये, युरोपात दृष्टीस पडतात. त्या वर्षी जिनिव्हाच्या निकोला-थेओडोर द सोस्यूर याने वनस्पतींच्या रसायनावरील आपले संशोधन प्रसिद्ध केले आणि वनस्पतीच्या देहातील कर्ब मातीतून नव्हे, तर हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड म्हणजेच कर्बवायूतून येतो, हे तराजूच्या साहाय्याने सिद्ध केले. (भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांना पूज्य असलेला फेर्दिनां द सोस्यूर हा याच घराण्यातला.) त्याच वर्षी अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट दक्षिण अमेरिकेतील पाच वर्षांचा प्रवास संपवून युरोपात परतला. १८०० साली व्हेनेझुएलातील व्हॅलेन्सिया सरोवर आटत चाललेले पाहून त्याने सभोवारच्या वृक्षतोडीशी त्याचा संबंध जोडला होता. एकाजवळ तराजू होता, परंतु वन नव्हते. दुसऱ्याने वन पाहिले होते, परंतु तोलण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. हे दोन प्रवाह एकत्र येण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली.

पुढील विवेचनासाठी कर्बचक्राची रूपरेषा ध्यानी घेणे आवश्यक आहे. पान सूर्यप्रकाशात कर्बवायू शोषते. त्यातील बराच भाग वृक्ष स्वतःच्या श्वसनात पुन्हा हवेत सोडतो. उरलेल्यातून पाने, खोडे व मुळे घडतात. पाने गळतात, वृक्ष उन्मळतात, सूक्ष्म जीव त्यांचे विघटन करतात आणि तो कर्ब पुन्हा हवेत जातो. उष्ण व दमट वनात हे विघटन अतिशय वेगाने चालते. गळालेल्या पाचोळ्याचा बराचसा भाग वर्षभरात नाहीसा होतो. परिणामी या वनांच्या कर्बापैकी निम्म्याहून अधिक कर्ब जिवंत वृक्षांच्या देहात असतो. उत्तरेकडील शीत प्रदेशातील सूचिपर्णी वनांत याच्या उलट स्थिती दिसते. तेथील बहुतेक कर्ब जमिनीत गाडलेला असतो. उष्ण कटिबंधातील वनाचे सारे धन असे उभ्या खोडांत असल्यामुळे जे काही खोडाला मारते ते तिजोरीलाच हात घालते. या वनांना 'पृथ्वीची फुप्फुसे' म्हणण्याची प्रथा पडली आहे, ती या दृष्टीने दिशाभूल करणारी आहे. परिपक्व वन जितका प्राणवायू निर्माण करते, जवळजवळ तितकाच श्वसनात व विघटनात खर्च करते. प्रश्न प्राणवायूचा नसून साठलेल्या कर्बाचा आहे.

आता हवामानाकडे वळावे. १८७७ साली ब्राझीलच्या ईशान्येस सेआरा प्रांतात महाभयंकर अवर्षण पडले. त्याच सुमारास, १८७६ ते १८७८ या काळात, दख्खनमध्ये दुष्काळाने लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली. सेआरातील असंख्य निर्वासित ॲमेझॉनच्या अरण्यात रबराचा चीक काढण्यासाठी गेले. सोलापूर-विजापूरकडील शेतकऱ्याचे आणि सेआरातील गुराख्याचे दुर्दैव एकाच कारणाने बांधलेले आहे, हे त्या काळी कोणासही ठाऊक असणे शक्य नव्हते. ते सूत्र शोधण्याचे श्रेय भारतातील हवामान खात्याकडे जाते. १८९९ साली मोसमी पाऊस पुन्हा फसला. त्यानंतर काही वर्षांनी, १९०४ मध्ये, गिल्बर्ट वॉकर हा केंब्रिजचा गणिती या खात्याचा प्रमुख म्हणून आला आणि १९२४ पर्यंत त्या पदावर राहिला. मोसमी पावसाचे भाकीत करता यावे, एवढाच त्याचा हेतू होता. त्यासाठी त्याने जगभरातील वेधशाळांच्या नोंदी मागवून सहसंबंधांची प्रचंड आकडेमोड करविली. तीतून हिंदी महासागर आणि पॅसिफिक महासागर यांवरील वायुभारांचे एक तराजूसारखे वरखाली होणे त्यास आढळले. त्याला त्याने 'दक्षिणी दोलन' असे नाव दिले. मोसमी पावसाच्या भाकिताचा प्रश्न त्याने सुटला नाही. परंतु याकोब ब्यर्कनेस याने १९६० नंतरच्या दशकात हे दोलन आणि पेरूच्या किनाऱ्यालगतचा 'एल निन्यो' हा उष्ण प्रवाह ही एकाच घटनेची दोन अंगे आहेत, हे दाखविले. आणि मग वॉकरच्या आकडेमोडीला तिच्या कर्त्याने कल्पिलेही नसेल असे मोल आले.

दरम्यान १९५८ च्या मार्चमध्ये चार्ल्स डेव्हिड कीलिंग याने हवाई बेटातील माउना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर कर्बवायूचे अखंड मापन सुरू केले होते. त्या वेळी हवेच्या दहा लक्ष भागांत कर्बवायूचे सुमारे ३१५ भाग होते; आज ते ४२० च्या वर गेले आहेत. ही वाढ प्रतिवर्षी सारखी नसते. १९७६ साली रॉबर्ट बॅकास्टो याने दाखवून दिले की, वाढीतील हे चढउतार दक्षिणी दोलनाच्या तालावर होतात. एल निन्योच्या वर्षी कर्बवायू अधिक वेगाने साचतो. त्याचे कारण प्रथम समुद्रात शोधले जाणे स्वाभाविक होते. परंतु एल निन्योत पूर्व पॅसिफिकमधील खोल पाणी वर येणे मंदावते आणि तेथून बाहेर पडणारा कर्बवायू उलट घटतो. कर्बाच्या जड समस्थानिकाचे प्रमाण पाहता बोट भूमीकडेच वळले, आणि भूमीवर मुख्यतः उष्ण कटिबंधातील वनांकडे. पाऊस हटला की वन कमी शोषते, किंवा अधिक सोडते, किंवा दोन्ही घडते, एवढे अनुमान त्यातून निघाले. नेमके काय घडते ते मात्र दूरच्या ज्वालामुखीवरून दिसण्यासारखे नव्हते. त्यासाठी वनात जाऊन झाडे मोजणे भाग होते.

हे काम दिसावयास अत्यंत सामान्य आहे. एक हेक्टरचा भूखंड आखावयाचा, त्यातील दहा सेंटिमीटरहून अधिक व्यासाच्या प्रत्येक वृक्षास क्रमांकाचा बिल्ला ठोकावयाचा, जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर रंगाची खूण करून फीतीने घेर मोजावयाचा आणि काही वर्षांनी परत येऊन त्याच खुणेवर पुन्हा मोजावयाचा. घेर व लाकडाची घनता यांवरून वृक्षाचे शुष्क वजन काढता येते. त्यातील सुमारे निम्मा भाग कर्ब असतो. पेरूच्या ॲमेझॉन प्रदेशात असे भूखंड आखणाऱ्यांत ॲल्विन जेंट्री हा अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ अग्रगण्य होता. त्याचा उद्देश कर्ब मोजण्याचा नव्हता. कोणत्या जाती कोठे आढळतात, हे त्यास पाहावयाचे होते. १९९३ साली इक्वेडोरमध्ये विमान-अपघातात त्याचा अंत झाला. पुढच्याच वर्षी त्याच्या व ऑलिव्हर फिलिप्सच्या नावे प्रसिद्ध झालेल्या निबंधात, उष्ण कटिबंधातील वनांत वृक्षांच्या जन्ममृत्यूची गती वाढत आहे, असे प्रतिपादन होते. १९९८ मध्ये फिलिप्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यापुढचे पाऊल टाकले: ॲमेझॉनचे अक्षत वन स्थिर नसून त्याचे वजन वाढत आहे, ते हवेतील कर्ब साठवीत आहे. हवेतील कर्बवायूच्या वाढीमुळे वृक्षांना अधिक खाद्य मिळत असावे, हे त्याचे संभाव्य कारण मानले गेले.

या निष्कर्षावर जी टीका झाली ती इतिहासाच्या अभ्यासकास विशेष उद्बोधक वाटेल, कारण ती साधनचिकित्सेच्या अंगाची होती. डेबोरा क्लार्क हिने २००२ साली आक्षेप घेतला की, वर्षावनातील अनेक वृक्षांच्या बुंध्याशी फळ्यांसारखी आधारमुळे असतात. फीत त्यांवरून फिरली तर खोडाऐवजी मुळांची वाढ मोजली जाते आणि वनाचे वजन फुगून दिसते. हस्तलिखितातील लेखकप्रमाद जसा पाठात मुरतो, तसा हा प्रमाद नोंदवहीत मुरलेला असतो. फिलिप्सच्या गटाने संशयास्पद भूखंड वगळून हिशेब पुन्हा केला. वाढीचा निष्कर्ष टिकला. तथापि या वादाचा खरा लाभ असा की, त्यानंतर मोजणीचे नियम अधिक काटेकोर झाले आणि विखुरलेले भूखंड एकाच पद्धतीने मोजणाऱ्या एका जाळ्यात गुंफले गेले. क्लार्क हिचे स्वतःचे काम कोस्टारिकातील ला सेल्वा येथील होते. तेथील १९८४ ते २००० या काळातील नोंदींवरून, ज्या वर्षी रात्री अधिक उष्ण असतात त्या वर्षी वृक्षांची वाढ घटते, असे तिने व तिच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखविले. रात्री पान काहीच कमावीत नाही, श्वसनाचा खर्च मात्र उष्णतेबरोबर वाढतो. तेव्हा हे तर्कास धरूनच आहे.

कोरड्या ऋतूविषयीचा समज तर याहूनही अनपेक्षित रीतीने बदलला. पूर्व ॲमेझॉनमध्ये वर्षातील कित्येक महिने फारसा पाऊस पडत नाही, तरीही वन हिरवे राहते. १९९४ साली डॅनियल नेपस्टॅड याने त्याचे कारण खणून काढले, आणि हे शब्दशः खरे आहे: त्याने विहिरीसारखे खड्डे खणले आणि आठ मीटरहून अधिक खोल गेलेली मुळे तेथून पाणी ओढत असल्याचे दाखविले. पुढे तापाजोस येथील वनात उंच मनोऱ्यांवर उपकरणे बसवून हवेच्या झोतांबरोबर वरखाली होणारा कर्बवायू मोजण्यात आला. स्कॉट सालेस्का व त्याच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये जो निष्कर्ष मांडला तो त्या काळच्या गणिती प्रतिमानांच्या अगदी विरुद्ध होता. वन कोरड्या ऋतूत कर्ब साठवीत होते आणि पावसाळ्यात तो गमावीत होते. कोरड्या महिन्यांत ढग विरतात, प्रकाश वाढतो, खोल मुळांमुळे पाणी कमी पडत नाही; उलट वरचा पाचोळा सुकल्याने त्याचे विघटन मंदावते. पावसाळ्यात तो भिजतो आणि वेगाने कुजतो. याचा अर्थ असा की, नेमाने येणारा कोरडेपणा या वनास परका नाही. त्याच्या मुळांची रचना त्यास धरूनच झालेली आहे. प्रश्न उद्भवतो तो नेम मोडणाऱ्या कोरडेपणाचा.

हा नेम कोण राखतो, याविषयी ब्राझीलच्या एनेआस सालाती याने १९७० नंतरच्या दशकात केलेले कार्य मूलभूत आहे. पावसाच्या पाण्यातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे पृथक्करण करून त्याने दाखविले की, ॲमेझॉनवर पडणाऱ्या पावसाचा सुमारे निम्मा भाग वनानेच हवेत परत सोडलेल्या बाष्पाचा असतो. अटलांटिकवरून येणारे ढग पश्चिमेकडे जाताना वाटेत पुनःपुन्हा वनाकडून पाणी उसने घेतात. 'हवामानाचा वनावरील परिणाम' या शब्दप्रयोगात कर्ता आणि कर्म यांची जी सरळ विभागणी आहे, ती येथे टिकत नाही.

नेम मोडला तर काय होईल, हे पाहण्यासाठी वाट न पाहता पाऊसच अडविण्याचे धाडस दोन ठिकाणी झाले. तापाजोस येथे २००० च्या सुमारास आणि पुढे काशिउआना येथे २००२ पासून, प्रत्येकी एक हेक्टर वनात झाडांच्या छायेखाली प्लॅस्टिकचे छत पसरून जमिनीवर पोचणारा सुमारे निम्मा पाऊस चरांवाटे बाहेर काढून देण्यात आला. पहिली एकदोन वर्षे फारसे काही घडले नाही. खोल मातीतील ओल पुरत होती. मग मोठे वृक्ष मरू लागले. लहान झाडे तगली; ज्यांच्या खोडांत वनाचा बहुतेक कर्ब साठलेला असतो, ते महावृक्षच पडले. त्यांच्या मृत्यूचे कारण काय, याविषयी मतभेद होते. पाणी वाचविण्यासाठी पर्णरंध्रे मिटून घेतल्याने वृक्ष कर्बाच्या उपासमारीने मरतो, असा एक पक्ष. खोडातील जलवाहिन्यांत हवेचे बुडबुडे अडकून पाण्याचा स्तंभ तुटतो, असा दुसरा. काशिउआनातील वृक्षांच्या तपासणीवरून लूसी रोलंड व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दुसऱ्या पक्षाच्या बाजूने निर्णय दिला. उंच वृक्षात पाण्याचा स्तंभ लांब, ताण अधिक. म्हणून आघात प्रथम त्यांवर. पुढे वीसहून अधिक वर्षांच्या नोंदींनी या चित्रास एक वेगळी छटा दिली. एक-तृतीयांशाहून अधिक जैवभार गमावल्यावर तेथील वन थांबले आणि उरलेल्या वृक्षांना पाणी पुरू लागले. वन नष्ट होऊन गवताळ माळ झाला नाही. परंतु ते पूर्वीचे वनही राहिले नाही.

प्रयोग चालू असतानाच २००५ साली ॲमेझॉनच्या नैर्ऋत्य भागात प्रत्यक्ष अवर्षण पडले. त्याचे कारण एल निन्यो नव्हते. उष्ण कटिबंधीय उत्तर अटलांटिक समुद्र तापल्यामुळे पर्जन्यपट्टा सरकला होता. वॉकरची किल्ली या कुलपाला लागत नव्हती. परंतु भूखंडांचे जाळे सज्ज होते. बिल्ले लावलेल्या झाडांकडे अभ्यासक परतले, आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार त्या अवर्षणाने वनाच्या खात्यातून सुमारे १.२ ते १.६ अब्ज टन कर्ब वजा केला होता. हा सर्व कर्ब त्याच वर्षी हवेत गेला असे नव्हे. मेलेले खोड कुजण्यास वर्षानुवर्षे लागतात. कर्ज त्या वर्षी झाले, फेड पुढे चालू राहिली. ती पुरी होण्यापूर्वीच २०१० साली अधिक विस्तृत अवर्षण आले.

त्या वर्षापासून लुसियाना गात्ती हिच्या नेतृत्वाखाली ब्राझीलमधील संशोधकांनी लहान विमानांतून वनावरील हवेचे नमुने घेण्यास आरंभ केला. चार ठिकाणी, सुमारे साडेचार किलोमीटर उंचीपासून झाडांच्या शेंड्यांपर्यंत, काचेच्या कुप्यांत हवा भरून आणावयाची, अशी ती पद्धत. कोरड्या २०१० मध्ये ॲमेझॉनने कर्ब गमावला; ओल्या २०११ मध्ये हिशेब जवळजवळ बरोबरीत आला. २०१८ पर्यंतच्या सुमारे ६०० उड्डाणांच्या आधारे २०२१ मध्ये त्यांनी जाहीर केले की, आग्नेय ॲमेझॉन आता कर्ब शोषीत नाही, सोडतो. वृक्षतोड याच भागात सर्वाधिक झालेली आहे, आणि कोरड्या महिन्यांतील तापमानवाढ व पाऊसघटही याच भागात अधिक आहे. भूखंडांची साक्षही याहून फारशी वेगळी नव्हती. ३२१ भूखंडांच्या नोंदींवरून २०१५ मध्ये असे दिसले होते की, अक्षत वनाची वार्षिक कर्बवाढ १९९० नंतरच्या दशकाच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांशाने उतरली आहे. वाढ खुंटली आणि मृत्यू वाढले. आफ्रिकेतील २४४ भूखंडांत मात्र ही उतरण तेव्हा दिसत नव्हती.

सर्व उष्ण कटिबंधास एकच नियम लावण्याच्या मोहास २०१५-१६ च्या एल निन्योने चांगलाच आळा घातला. या वेळी उपग्रहावरून कर्बवायू मोजला जात होता. २०११ च्या तुलनेत तिन्ही खंडांनी अधिक कर्ब हवेत सोडला, परंतु प्रत्येकाने वेगळ्या वाटेने. दक्षिण अमेरिकेत अवर्षणाने प्रकाशसंश्लेषण घटले. आफ्रिकेत पाऊस बराचसा नेहमीप्रमाणे होता, पण उष्णतेने श्वसन व विघटन वाढले. आग्नेय आशियात आगी लागल्या. ब्रिटनमधील पीटर कॉक्स व सहकाऱ्यांच्या २००० सालच्या प्रतिमानाने ॲमेझॉन वन या शतकात मोठ्या प्रमाणावर नष्ट होण्याची शक्यता वर्तविली होती. २०१३ मध्ये कॉक्स यानेच, वर्षावर्षांतील कर्बवायूच्या चढउतारांचा आधार घेऊन, ती भीती बरीच सौम्य केली. या फेरविचारास आधार मिळाला तो माउना लोआच्या नोंदवहीचाच, म्हणजे कीलिंगने १९५८ मध्ये लावलेल्या आणि अनेकदा पैशांअभावी बंद पडू पाहणाऱ्या यंत्राचा.

अशीच एक जुनी नोंदवही ॲमेझॉनच्या मध्यभागी आहे. रबराच्या भरभराटीच्या काळात, १९०२ पासून, मानाउसच्या बंदरात रिओ नेग्रो नदीची पातळी दररोज लिहिली जाते. जहाजे लागावीत, एवढाच तिचा उद्देश. १९२६ चे भीषण अवर्षण तीत आहे, १९६३ चा नीचांक आहे, २०१० मध्ये तो मोडल्याचीही नोंद आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पाणी १३ मीटरच्या खाली गेले, जे त्याआधीच्या १२० वर्षांत कधीही घडले नव्हते. आणि पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, ते त्याहूनही खाली उतरले. या दोन अवर्षणांत किती महावृक्ष पडले, याचा हिशेब भूखंडांतील बिल्ले पुन्हा तपासल्यावरच लागतो, आणि एक फेरी पुरी होण्यास काही वर्षे जातात.